आधी 820 आले, म्हणून ॲप खरं?

"ताई, नमस्कार. मी चाकणला एका कंपनीत कामाला आहे. दोन महिन्यांपूर्वी शिफ्टमधल्या मित्राने टेलिग्रामवर एका गेमची लिंक दिली. लाल, हिरवा की जांभळा ते ओळखायचं, तीस सेकंदांत निकाल. मी 500 टाकले, त्याचे 820 झाले आणि ते खरोखर माझ्या बँकेत जमा झाले. म्हणून आणखी चार वेळा टाकले, सगळे मिळून 12,000. आता वॉलेटला 74,300 दिसतात. काढायला गेलो तर 30 टक्के टॅक्स, म्हणजे 22,290 आधी भरा म्हणतात. वेबसाईटवर सरकारमान्य लिहिलंय, परवाना नंबरपण आहे. टॅक्सला पैसे नसतील तर तुमच्या खात्यावर कंपनीचे पैसे घ्या आणि पुढे पाठवा, 2 टक्के कमिशन देतो, त्यातून टॅक्स फिटेल, असं त्यांची मॅडम म्हणते. ॲप खरं की खोटं हे तपासायचं कसं? बायकोला अजून सांगितलेलं नाही. माझी नऊ वर्षांची मुलगीही माझ्याच फोनवर गेम खेळते, तिच्या गेममध्ये असलं काही असतं का? सोबत स्क्रीनशॉट जोडलेत."
एक वाचक, चाकण

भाऊ,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: टॅक्स भरू नका, आणि खातं कुणाला वापरायला देऊ नका. त्या पोचल्या असं धरून आता सविस्तर लिहिते. तुमच्यासारखी पत्रं माझ्याकडे बरीच येतात, म्हणून सगळ्यांसमोर. वर तुमचं पत्र थोडक्यात दिलंय.

आधी हिशेब करू. टाकले 12,000, हातात आले 820. गेले 11,180 रुपये. पत्र वाचताना मात्र असं वाटतं की तुमचा जीव 74,300 मध्ये अडकलाय, आणि तो आकडा कधी पैसा नव्हताच. पासबुकातला आकडा आणि ॲपमधला आकडा दिसायला सारखेच. पण पासबुकातल्या आकड्याला बँक बांधलेली असते. ॲपमधला आकडा कुणीतरी नुसता लिहिलेला असतो. 74,300 चे 7,43,000 करायला त्यांना एक शून्य जास्त पडतं, एवढाच खर्च. त्या लिहिलेल्या आकड्यापायी ते तुमच्याकडून खरे 22,290 मागतायत, म्हणजे आजवर गेले त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"पण 820 खरंच आले ना?" हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. आलेच. गळाला लावलेलं गांडूळ कधी खोटं नसतं. ते खोटं असतं तर तुम्ही पुढचे 11,500 टाकले असतेत का?

ही पद्धत कुणा एका ॲपची नाही. सप्टेंबर 2022 मध्ये ईडीने कोलकात्याच्या गार्डन रीच भागात छापा घातला आणि एका घरातून 17 कोटींहून जास्त रोकड मोजून काढली. ई-नगेट्स नावाच्या मोबाइल गेमचं ते प्रकरण होतं. ईडीने तेव्हा त्याची रीत सांगितली होती: सुरुवातीला लोकांना कमिशन, बक्षीस, आणि वॉलेटमधले पैसे विनाअडथळा काढू द्यायचे. विश्वास बसला की लोक मोठ्या रकमा टाकतात. मग एके दिवशी पैसे काढणं बंद. कारण काय, तर सिस्टिम अपग्रेड चालू आहे, सरकारी चौकशी चालू आहे. शेवटी सर्व्हरवरून सगळी माहिती पुसून टाकायची, म्हणजे तक्रार करायला माणसाकडे दाखवायला काही उरत नाही. तुमच्या ॲपमध्ये 'अपग्रेड'च्या जागी 'टॅक्स' आहे, बाकी चाल तीच.

आणि हे फक्त पाच-दहा हजारवाल्यांचं होतं असं समजू नका. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याचं प्रकरण बाहेर आलं. त्यालाही व्हॉट्सॲपवर लिंक आली, खात्यात 8 लाख जमा करून खेळ सुरू झाला, आधी 5 कोटींच्या आसपास जिंकला आणि शेवटी 58 कोटी घालवून बसला. पोलिसांनी गोंदियाला बुकीच्या घरावर छापा घातला तेव्हा नोटांच्या थप्प्या आणि सोनं निघालं. 58 कोटी उभे करू शकणाऱ्या माणसाला हिशेब कळत नसेल का? तोही आधी जिंकला होता.

टॅक्सचं बोलू, कारण ही थाप मला सगळ्यांत हुशारीची वाटते. 30 टक्के हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस हा नियम 1 एप्रिल 2023 पासून खरंच आहे. म्हणून तुम्ही गूगलवर पाहिलंत तर "30 टक्के" बरोबर निघतं, आणि तुम्हाला वाटतं, चला, कायदेशीर दिसतंय. पण टीडीएसमधला 'डी' म्हणजे कपात. पगारातून तुमची कंपनी टॅक्स कसा घेते? आधी पगार देते आणि मग "टॅक्सचे अमुक आणून भर" म्हणते का? कापून उरलेलं देते. इथेही तसंच: त्यांचाच आकडा धरला तरी खरी कंपनी 74,300 मधले 22,290 कापून 52,010 तुमच्या खात्यात टाकेल, आणि ती कपात आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या पॅनवर दिसेल. तुमचेच पैसे तुम्हाला द्यायला आधी पैसे मागणारा माणूस टॅक्स घेत नसतो. मग त्याला तो टॅक्स म्हणो, जीएसटी म्हणो, प्रोसेसिंग फी म्हणो की 'परत मिळणारं डिपॉझिट' म्हणो. हे 22,290 भरले असतेत तर त्यानंतर "खातं व्हेरिफाय करायचे 8,000" आले असते. तोंडाला रक्त लागलेलं असतं त्यांच्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, खरं-खोटं तपासायचं कसं. हे तुम्ही ऑगस्ट 2025 च्या आधी विचारलं असतंत तर मला लांबलचक लिहावं लागलं असतं. रमी कौशल्याची की नशिबाची हा वाद जुना आहे. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि पुढे ऑनलाइन कंपन्यांनी त्याच खुंटीवर आपली छत्री टांगली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि हा वादच बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ कुणाला पुरवता येत नाही. पुरवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड. अशा खेळाचे पैसे फिरवायला बँकांना आणि पेमेंट कंपन्यांनाही मनाई. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर जिचं नाव होतं त्या ड्रीम इलेव्हननेही पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. कंपन्या कोर्टात गेल्यात, तिथे काय व्हायचं ते होईल.

म्हणून तपासणी एका प्रश्नावर आली आहे: ॲप तुमच्याकडून पैसे लावून घेतं आणि जिंकलात तर पैसे देतो म्हणतं का? हो असेल तर पुढे काही बघायची गरज नाही. रेटिंग बघू नका, लोगो बघू नका, परवाना तर मुळीच बघू नका. एवढ्या बड्या कंपन्यांनी दुकान आवरलं असताना जो अजून टेलिग्रामवरून लिंका वाटतोय, तो कायदा मोडूनच बसलाय. तुमच्या हक्काचे पैसे तो नियमाने देईल ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

याच कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे मुद्दाम सांगते. "तक्रार करायला गेलो तर मलाच आत टाकतील" या भीतीने बरेच जण गप्प बसतात, आणि टेलिग्रामवरची मॅडम ही भीती पद्धतशीर घालते.

तुमच्या वेबसाईटवरचा 'परवाना' मी स्क्रीनशॉटमध्ये पाहिला आणि थोडं हसूही आलं, माफ करा. वर गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीचा फोटो, खाली कुरासावचा शिक्का, त्याखाली 'भारत सरकार मान्य' आणि मधोमध अशोकस्तंभ. कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट. तिथला परवाना खरा असला तरी चाकणच्या माणसाला त्याचा उपयोग काडीचा नाही. गोव्यातले कॅसिनो गोव्याच्या कायद्याखाली चालतात, ते त्या जागेपुरते, त्या बोटीपुरते. मोबाइलवरच्या रंगांशी त्यांचा संबंध नाही. आणि अशोकस्तंभ कुणाही धंदेवाल्याला असा वापरायला 2005 च्या कायद्याने बंदी आहे. शिक्के जितके जास्त तितकं आत पोकळ, हे मी बँकेत बनावट कागदपत्रं बघून बघून शिकले.

जाहिरातीत कोण दिसतं यावरही जाऊ नका. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ फिरत होता. एका गेमिंग ॲपची तारीफ, आपली मुलगी त्यावर पैसे कमावते असं सांगणारा. आवाज त्याचा, चेहरा त्याचा, आणि व्हिडिओ संगणकाने बनवलेला. त्याने स्वतःच तो खोटा असल्याचं जाहीर केलं. आणि सरकारने एक ॲप बंद केलं की धंदा थांबत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये महादेव बुकसह 22 सट्टा ॲप-वेबसाईट एका आदेशात बंद केल्या. पण नावात एखादं अक्षर बदललं की नवी लिंक तयार होते. (महादेवाचं नाव सट्ट्याला लावणाऱ्यांना रात्री झोप कशी येते कोण जाणे.)

आता ते पाच स्क्रीनशॉट. तुम्ही रकमा बघितल्यात, मी नावं बघितली. 500 गेले एका मोबाइल शॉपीला. 1,000 कुणा बाईंच्या नावावर. 2,500 एका किराणा दुकानाला, 3,000 भलत्याच माणसाला, आणि 5,000 'एंटरप्रायझेस' लावलेल्या एका फर्मला. एकाच ॲपमध्ये पैसे टाकताना पाच वेळा पाच वेगळी नावं. खरा धंदा असं करत नाही. वीजबिल भरताना दर महिन्याला वेगळ्या माणसाचं नाव आलं तर तुम्ही पिन टाकाल का? यूपीआयवर पिन टाकायच्या आधी ज्याला पैसे जाणार त्याचं नाव दिसतं. त्या एका ओळीवर दोन सेकंद नजर ठेवायची सवय लावा. मला विचाराल तर ॲपची परीक्षा त्याच ओळीत होते.

आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीजवळ आकडे घेणारा बसायचा. ओपन, क्लोज, चिठ्ठ्या, सगळं बेकायदा, आणि त्याने कितीतरी घरं धुऊन नेली. त्याचं कौतुक नाही. पण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर बसायचं असायचं, म्हणून लागलेल्या आकड्याचे पैसे तो चुकते करायचा. तुमच्या मॅडमला उद्या कुठे बसायचं नाही.

आणि ही पाच नावं कुणाची आहेत? इथे मी थोडं थांबणार आहे, कारण पत्रात सहज लिहिलेल्या त्या 2 टक्के कमिशनचा धागा इथेच आहे.

मी बँकेत 31 वर्षं काढली. शेवटची काही वर्षं शाखा सांभाळायला होते. एके दुपारी एक बाई आल्या, भाजीचा गाळा होता त्यांचा. सोबत कॉलेजातला मुलगा. म्हणाल्या, "एटीएममधून पैसे निघत नाहीत, बघा जरा." खातं मुलाचं. पासबुक प्रिंटरला लावलं. पान भरलं, उलटलं, तेही भरलं, मशीन थांबेना. 500, 1,000, 300, 2,000, पुन्हा 500. एका दिवसात चाळीसच्या वर जमा, आणि प्रत्येक जमा झाली की दहा-पंधरा मिनिटांत रक्कम पुढे. शेवटच्या ओळीला शिल्लक शून्याच्या आसपास आणि खात्यावर दुसऱ्या एका राज्याच्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बंदी. मुलगा पासबुकाकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. त्याने कुणाला तरी एटीएम कार्ड आणि सिम दिलं होतं, महिना 5,000 वर. "गेमिंग कंपनीचं कलेक्शन आहे, काही होत नाही" असं त्याला सांगितलेलं. आई विचारत होती, "मॅडम, पण याने काही चोरलंय का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या चाळीस ओळींमधली एकेक ओळ म्हणजे तुमच्यासारखा एकेक माणूस होता.

तुमचे 5,000 ज्या एंटरप्रायझेसला गेले तेही बहुधा असंच कुणाचं तरी भाड्याने घेतलेलं खातं आहे. आणि मॅडमला तुमचं खातं त्याच रांगेत हवंय. पोलीस याला म्यूल अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, ओझं वाहणारं. गेम खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, पण हे ओझं वाहणारा फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी होऊ शकतो. खातं पगाराचं असेल तर पगारही त्यातच अडकतो, हप्ता बाउन्स होतो, आणि सुटका करून घ्यायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार, वकील, रजा. 2 टक्क्यांत हे कुठे बसतं?

यातली एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. तुम्हाला मिळालेले ते 820 रुपये कुणाचे होते? ॲपवाल्याने खिशातून दिलेले नसतात ते. बहुधा दुसऱ्या कुणी टाकलेले, फिरवून तुमच्याकडे आले. त्या माणसाने तक्रार केली तर तुमच्या खात्यात तेवढ्या रकमेवर लीन लागू शकतो, म्हणजे ती रक्कम बँक अडवून ठेवते, कधी अख्खं खातंही थांबतं. झालंच तर घाबरून टेलिग्रामवर मदत शोधू नका. आपल्या शाखेत जा, तुमच्या तक्रारीची प्रत द्या, आणि मी स्वतः फसलेला आहे हे लेखी द्या. म्हणून तक्रार तुमची आधी झालेली हवी.

तर आज काय करायचं. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर, तो लावा. लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा. फोन करायच्या आधी एका कागदावर पाचही व्यवहार लिहून घ्या: तारीख, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी आणि बारा आकडी यूटीआर नंबर. हा नंबर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की खाली मिळतो. यात वेळेला फार किंमत आहे. पैसे पहिल्या खात्यात असतील तोवर बँक अडवू शकते, तिसऱ्या-चौथ्या खात्यात गेले की मागे लागणं कठीण. तुमचे शेवटचे 5,000 तीन आठवड्यांपूर्वी गेलेत, तेव्हा ते परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. पिन तुम्ही स्वतः टाकलात, त्यामुळे बँक पदरचं भरून देईल ही आशाही नको. तरी तक्रार करायची. टेलिग्रामचा ग्रुप सोडण्याआधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढा, मॅडमचा 2 टक्केवाला मेसेज तर नक्कीच. आणि महिन्याभरात तुम्हाला कुणी "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, सायबर सेलमध्ये ओळख आहे" म्हणत गाठेल. त्यांच्याकडे तुमचा नंबर असतोच. फसलेल्यालाच पुन्हा गाठणारी ती त्यांचीच दुसरी शिफ्ट समजा.

मग फोन. तुम्ही लिहिलंत की ॲप 'प्ले स्टोअरसारख्याच पानावरून' उतरवलं. ते पान ब्राउझरमध्ये उघडलं होतं, फोनने "अनोळखी ठिकाणचं ॲप घेऊ का" विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात. ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये बसवायचं ॲप. प्ले स्टोअरचं चित्र आणि चार पूर्णांक आठचं रेटिंग हुबेहूब काढणं अवघड नसतं. इंटरनेट बंद करून ॲप काढून टाका. निघत नसेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप्स शोधा, तिथून त्याचा अधिकार काढा, मग निघेल. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत कुठलं अनोळखी नाव आहे का बघा. हा अधिकार ज्याला मिळाला तो तुमचा स्क्रीन वाचू शकतो, तुमच्या वतीने बोटही दाबू शकतो. एसएमएस वाचायचा अधिकार कुणाकुणाला आहे तेही बघा, ओटीपी तिथेच येतात. नंतर दुसऱ्या एखाद्या चांगल्या फोनवरून नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, आणि फोन साफ झाल्यावर यूपीआय पिन.

'केवायसी'साठी आधार आणि पॅनचा फोटो दिलात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. दिला असेल तर संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी नंबर तिथेच कळवता येतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आणि क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून नावावर भलतं कर्ज निघालंय का तपासा. हे सगळं एका रविवारचं काम आहे.

लेकीच्या गेमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तपासणी हा शब्द तिथे खऱ्या अर्थाने लागू पडतो. फुकटचे गेम कायदेशीर आहेत, पैसे लावायचे नसलेले साधे करमणुकीचे खेळ बंद झालेले नाहीत. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बनवणाऱ्याचं नाव असतं, त्यावर बोट ठेवा, त्याने आणखी काय बनवलंय ते दिसेल. दहा वर्षं गेम बनवणारा आणि काल उगवलेला, फरक लगेच कळतो. प्रसिद्ध गेमची नक्कल करणारे नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करतात. अभिप्राय वाचायचे तर एक तारेवाले आणि ताजे वाचा, पाच तारेवाले विकत मिळतात. 'डेटा सेफ्टी' म्हणून एक भाग असतो, त्यात गेम काय काय माहिती घेतो ते लिहिलेलं असतं. ते बनवणारा स्वतःच भरून देतो, तेव्हा त्यावर अर्धाच विश्वास. खरी परीक्षा गेम उघडल्यावर: तो परवानगी काय मागतो? लुडोला तुमचे एसएमएस कशाला हवेत? रंग भरायच्या गेमला तुमची फोनबुक कशाला?

पण नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत धोका गेमच्या आत कमी आणि काठावर जास्त असतो. मध्येच येणारी जाहिरात, "फ्री डायमंड मिळवा" म्हणून बाहेर नेणारी लिंक, गेममधल्या चॅटवर "दीदी" म्हणून बोलणारा अनोळखी मोठा माणूस. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती आजच चालू करा. आणि ठसा तिचा नोंदवलेला नाही ना, तेही बघा. मी पाहिलेल्या एका घरात तो होता, लाडाने. तिच्याकडून काही खरेदी झालीच तर 48 तासांच्या आत गूगलकडे परतावा मागता येतो. यूपीआय ॲप्सना वेगळं लॉक लावा. एकच फोन बापाच्या पगाराला आणि लेकीच्या खेळाला वापरायचा म्हटलं की एवढं करावंच लागतं.

बायकोला आज रात्री सांगा. आकडा 11,180 सांगा, 74,300 नको. ती चिडेल, आणि चिडायचा तिचा हक्क आहे. पण उद्या खात्यावर लीन लागला आणि तिला बँकेतून कळलं, तर पैशापेक्षा मोठं काहीतरी बिनसेल. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्हाला खरी भीती मॅडमची नसून याची आहे.

आणि तो लिंक देणारा मित्र. त्याच्यावर धावून जाऊ नका, आधी विचारा त्याचे किती अडकलेत. ग्रुपमध्ये माणूस आणला की बोनस असतो, आपले पैसे सुटतील या आशेने त्याने तुम्हाला आणलं असेल. त्याची पावती आणि तुमची पावती शेजारी ठेवून बघा. एखादा यूपीआय आयडी दोन्हीकडे सापडला तर तो दोघांनीही आपापल्या तक्रारीत लिहा. तक्रार वेगवेगळी करा, एकत्र नको, आणि मिळालेला तक्रार क्रमांक मला कळवा.